मुलांचे ई-मेल खाते आणि जन्मतारखेचा रकाना

जन्मतारीख ही बाब आपल्या सौंसर-पांढुर्णा पट्ट्यात पूर्वीपासूनच थोडी लवचीक राहिलेली आहे. साठी ओलांडलेल्या रुग्णांची कागदपत्रे पाहावीत, तर त्यांतील कितीतरी जणांचा जन्म १ जुलैलाच झालेला आढळतो. सीमेपलीकडे काटोल-वरुडकडे हाच मान १ जूनला आहे. शाळेत नाव घालताना गुरुजी मुलाला डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरावयास सांगत. हात पोचला की सहा वर्षे पूर्ण झाली असे समजून सत्रारंभाची तारीख पटावर चढविली जाई. त्या तारखेमुळे पुढे कोणी वर्षभर आधी निवृत्त झाला असेल, कोणी वर्षभर उशिरा. यापलीकडे तिचा फारसा उपद्रव नव्हता. आज मात्र आपल्याच घरांतून एक नवी खोटी जन्मतारीख तयार होत आहे, आणि तिचा उपद्रव इतका निरुपद्रवी राहणारा नाही. ही तारीख मुलांच्या ई-मेल खात्यावरची.

नऊ-दहा वर्षांच्या मुलाला ई-मेल कशाला हवा, असे कोणी विचारील. खरे पाहता मुलाला पत्रव्यवहार करावयाचाच नसतो. अँड्रॉइड फोन हाती आला की प्ले स्टोअरमधून काही घ्यावयाचे तर गूगल खाते लागते. २०२० च्या टाळेबंदीत शाळा फोनवर भरू लागल्या, तेव्हा अनेक घरांत प्रथमच मुलाच्या नावाने खाते उघडले गेले. परीक्षेचा ऑनलाइन फॉर्म भरावयाचा तर तेथेही ई-मेलचा रकाना पुढे येतो. खरी जन्मतारीख घातली की पडदा अडतो, कारण गूगलने भारतात स्वतःचे खाते स्वतः चालविण्यासाठी १३ वर्षांची किमान मर्यादा ठेवलेली आहे. मग वर्ष बदलले जाते. २०१६ चे १९८६ होते आणि दार उघडते. हे वर्ष बदलणारा हात बहुधा मुलाचा नसतो. तो वडिलांचा असतो, काकांचा असतो, थोरल्या भावाचा असतो किंवा फॉर्म भरून देणाऱ्या दुकानदाराचा असतो. डॉक्टरांची घरे यास अपवाद आहेत, असे समजण्याचे कारण नाही. अमेरिकेत २०११ मध्ये डॅना बॉइड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या पाहणीतही हेच दिसले होते: वय बसत नसताना मुलाने फेसबुक खाते उघडले हे बहुतेक पालकांना ठाऊक होते, आणि अनेकांनी त्यास हातभारही लावला होता.

म्हणून या प्रश्नाची चर्चा ‘हल्लीची मुले खोटे बोलतात’ या सुरात होऊ नये, असे आम्हांस वाटते. मुलाच्या डोळ्यांदेखत मोठी माणसे खोटे लिहितात, हा मुद्दा आहे. आणि त्यावर उपाय म्हणून कागदपत्रांची कडक पडताळणी हवी अशी जी मागणी सध्या सर्वत्र ऐकू येते, तीही आम्हांस पुरेशी विचारपूर्वक वाटत नाही.

प्रथम हा १३ चा आकडा कोठून आला ते पाहू. अमेरिकेने १९९८ मध्ये मुलांच्या आंतरजालीय खासगीपणाविषयी कायदा केला आणि तो एप्रिल २००० पासून अमलात आला. १३ वर्षांखालील मुलाची माहिती गोळा करावयाची असेल, तर आधी पालकांची पडताळलेली संमती घ्या, असे त्याने कंपन्यांना बजावले. मूळ प्रस्तावात १६ वर्षांपर्यंतच्या मुलांचाही विचार होता. चर्चेअंती १३ वर रेघ ओढली गेली. कंपन्यांना पालकांची संमती मिळविण्याची दगदग नकोशी होती. त्यांपैकी बहुतेकांनी ‘१३ वर्षांखालील मुलांना प्रवेश नाही’ अशी पाटी लावून मोकळे होणे पसंत केले. ती पाटी अमेरिकेतून जगभर गेली आणि आपल्या बोरगावच्या फोनवरही आली. म्हणजे बालकाच्या मेंदूच्या वाढीशी या आकड्याचा संबंध फार दूरचा. कायदेमंडळातील तडजोड आणि कंपन्यांची सोय यांतून तो जन्मास आला आहे. युरोपीय संघाने २०१८ पासून १६ वर्षांची मर्यादा घातली, पण सदस्य देशांना ती १३ पर्यंत खाली आणण्याची मुभा ठेवली. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवरील खाती बंद केली. तेथेही केवळ ई-मेल वा निरोपासाठी असलेल्या सेवांना बंदीतून वगळले आहे.

आपल्याकडे कायद्याचा पाया जुना आहे. १८७२ चा करार कायदा अज्ञानास करारास पात्र मानीत नाही, १८७५ च्या कायद्याने सज्ञानतेचे वय १८ ठरविले, आणि १९०३ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने मोहरीबीबी विरुद्ध धर्मोदास घोष या खटल्यात अज्ञानाने केलेला करार मुळातच शून्य असतो असा निर्वाळा दिला. या हिशेबाने १४ वर्षांचा मुलगा ‘अटी मान्य आहेत’ या चौकोनावर बोट ठेवतो, त्या बोटाला कायद्यात काही किंमत नाही. नेमका हाच प्रश्न के. एन. गोविंदाचार्य यांनी दिल्ली उच्च न्यायालयात जनहित याचिकेद्वारे नेला होता. २०१३ मध्ये त्या न्यायालयाने फेसबुकला सांगितले की १३ वर्षांखालील मुलांना खाते उघडता येत नाही ही सूचना मुखपृष्ठावर दिसेल अशी लावा. सूचना लागली. सूचनेने कोणी अडल्याचे मात्र आपल्यापैकी कोणाच्या पाहण्यात नसावे.

त्यानंतर आला २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा. त्याखालील नियम सरकारने १४ नोव्हेंबर २०२५ रोजी, म्हणजे योगायोगाने बालदिनीच, जाहीर केले. मुलांविषयीच्या तरतुदी त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू व्हावयाच्या आहेत. आपल्या कायद्याने रेघ १३ वर ओढलेली नाही, ती थेट १८ वर ओढली आहे. १८ वर्षांखालील प्रत्येकाची माहिती हाताळण्यापूर्वी पालकाची पडताळता येण्याजोगी संमती हवी. मुलांचा मागोवा घेणे आणि त्यांना हेरून जाहिराती दाखविणे यांस मनाई. आणि हे न पाळल्यास ₹२०० कोटींपर्यंत दंड. कागदावर हा कायदा भरभक्कम आहे, यात शंका नाही.

परंतु त्याच नियमांच्या चौथ्या परिशिष्टात काही सवलती आहेत, आणि त्या वैद्यकबंधूंनी मुद्दाम वाचाव्यात अशा आहेत. पहिल्या भागात दवाखाने, रुग्णालये आणि आरोग्य व्यावसायिक येतात: मुलाच्या आरोग्याच्या रक्षणासाठी आवश्यक तेवढ्यापुरती त्याची माहिती आपण हाताळली, तर पालक-संमतीची ही विशेष अट आपणांस लागू नाही. दुसऱ्या भागात ई-मेल आहे. ज्या खात्याचा उपयोग केवळ ई-मेलने पत्रव्यवहार करण्यापुरता मर्यादित आहे, असे खाते उघडताना पालकांची संमती घेण्याची गरज नाही. डॉक्टर आणि टपालवाला या दोघांवर सरकारने विश्वास टाकला, असेच म्हणावयाचे.

सवलतीमागचा विचार समजण्यासारखा आहे. पत्र लिहिण्यास बापाची परवानगी कशाला? पण ‘केवळ पत्रव्यवहारापुरते’ असे खाते आज आपल्या ओळखीच्या कोणत्या मुलाकडे आहे? १ एप्रिल २००४ रोजी जीमेल सुरू झाले तेव्हा ते खरोखरच टपालपेटी होते. आज त्याच एका खात्याने यूट्यूब उघडते, प्ले स्टोअर उघडते, छायाचित्रे साठविली जातात, आणि इतर असंख्य सेवांच्या दारावर ‘गूगलने प्रवेश करा’ असे बटण असते. ई-मेल ही आता घराची किल्ली झाली आहे. शिवाय संमतीची सारी यंत्रणा सुरू होते ती मुलाने किंवा पालकाने ‘हे खाते बालकाचे आहे’ असे सांगितल्यावर. नियमांत दिलेली उदाहरणेही तेथूनच आरंभ होतात. ज्या घरात २०१६ चे १९८६ झाले, त्या घरासाठी ही यंत्रणा हलतच नाही. कायदा प्रामाणिक कुटुंबाला थांबवितो आणि इतरांना ओळखतही नाही.

मग पडताळणी कडक करा, आधार मागा, असे म्हटले जाते. येथे डॉक्टरांनी आपला अनुभव सांगितला पाहिजे, कारण वय ठरविण्याच्या कामातील कष्ट आपल्याइतके कोणासच ठाऊक नसतील. न्यायालयाच्या आदेशावरून मनगट, कोपर, कटिबंध यांचे क्ष-किरण काढून आपण अस्थिविकासावरून वय सांगतो. आणि सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये जयमाला खटल्यात नोंदविल्याप्रमाणे त्यातही दोन वर्षांचा फरक इकडे वा तिकडे पडू शकतो. हाड पाहून जे नेमके सांगता येत नाही, ते चेहऱ्याच्या छायाचित्रावरून यंत्र नेमके सांगेल असे मानणे धाडसाचे आहे, विशेषतः १२ आणि १३ च्या सीमेवर. आधारविषयी म्हणावे, तर सर्वोच्च न्यायालयानेच २०२४ मध्ये मोटार अपघात भरपाईच्या एका प्रकरणात आधारवरील तारखेपेक्षा शाळा सोडल्याच्या दाखल्यावरील तारीख ग्राह्य धरली. आपल्या भागात तर आणखी एक गंमत आहे. २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा वेगळा झाला. त्यापूर्वी जन्मलेल्या मुलांच्या दाखल्यांवर छिंदवाडा आहे आणि नव्या कागदांवर पांढुर्णा. माणूस हे समजून घेतो. यंत्राकडून तशी अपेक्षा करणे कठीण.

यापेक्षा गंभीर गोष्ट म्हणजे पडताळणीसाठी दिलेले कागद कोठेतरी साठतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये डिस्कॉर्ड या गप्पांच्या सेवेने जाहीर केले की तिच्या सेवापुरवठादाराकडून सुमारे ७०,००० जणांच्या ओळखपत्रांची छायाचित्रे फुटली असावीत. ती वयाविषयीच्या तक्रारींसाठीच मागविलेली होती. मुलांच्या रक्षणाकरिता मुलांच्याच कागदांचा ढीग रचावयाचा, आणि त्याच्या राखणीस कोण बसले आहे ते पालकांना ठाऊक नाही, हा उपचार रोगापेक्षा फार वेगळा नाही.

पडताळणीच्या पुरस्कर्त्यांनी आपल्या वस्तीतील घरेही एकदा पाहावीत. बोरगावच्या कारखान्यांत पाळीवर जाणाऱ्या कित्येक कुटुंबांत चांगला फोन एकच असतो. तो वडिलांचा असतो, खातेही वडिलांचे असते, वयही खरे आणि पडताळलेले असते. आणि वडील रात्रपाळी करून झोपले की तो फोन पाचवीतल्या मुलाच्या हाती असतो. येथे कोणी खोटे बोललेले नाही, आणि तरीही पडद्यापलीकडच्या यंत्राच्या लेखी समोर ४० वर्षांचा गृहस्थ बसला आहे. तसेच फॉर्म भरणाऱ्या दुकानांचे. विद्यार्थ्याचा ई-मेल दुकानदार काढतो, पासवर्ड त्याच्या वहीत राहतो आणि खाते परत मिळविण्यासाठीचा मोबाइल क्रमांकही पुष्कळदा त्याचाच असतो. पुढे ‘नीट’चे प्रवेशपत्र काढावयाची वेळ येते, तेव्हा मुलगी आणि तिची आई त्या दुकानाच्या पायरीवर ओटीपीची वाट पाहत बसतात. यात वयोमर्यादा पाळली गेली असेलही; खाते मात्र मुलीचे नाही.

वैद्यकशास्त्राच्या जुन्या विद्यार्थ्यांना यंगचे सूत्र आठवत असेल: मुलाचे वय भागिले वय अधिक १२, आणि त्याला प्रौढाच्या मात्रेने गुणावयाचे. १२ वर्षांच्या मुलास त्याने निम्मी मात्रा येते. आज आपण वजनावर हिशेब करतो ते योग्यच. पण मूल म्हणजे शून्य मात्रा आणि प्रौढ म्हणजे पूर्ण मात्रा, असे आपल्या शास्त्राने कधीच मानले नाही. ई-मेलच्या बाबतीत मात्र अमेरिकेची पाटी म्हणते १३ पर्यंत काही नाही आणि नंतर सर्व काही. आपला कायदा हीच रेघ १८ वर नेतो. खोटी तारीख घातली की अर्थातच दहाव्या वर्षी पूर्ण मात्रा. यंत्र त्या मुलाला प्रौढाच्या जाहिराती, प्रौढाच्या शिफारशी आणि प्रौढाची मोकळीक देते, कारण आपणच चिठ्ठीवर वय ४० लिहून दिलेले असते. किशोरवयीनांसाठी कंपन्यांनी ज्या काही बंधनांची सोय केली आहे, ती सर्व या एका तारखेने निकामी होते.

वयाची सूचना छापली म्हणजे काम झाले असे होत नाही, हे आपल्या जिल्ह्यांना वेगळे सांगावयास नको. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये परासिया परिसरात खोकल्याच्या औषधाने लहान मुलांचे बळी गेले. त्या मृत्यूंचे कारण औषधातील विषारी भेसळ हे होते, वय नव्हे. ती जबाबदारी निराळी आहे आणि तिची चर्चा येथे करणे उचित नाही. परंतु त्या निमित्ताने डिसेंबर २०२३ चा केंद्रीय आदेश पुष्कळांनी प्रथमच वाचला, की क्लोरफेनिरामाइन व फिनाइलएफ्रिनचे ठरावीक मिश्रण चार वर्षांखालील मुलांस देऊ नये असे वेष्टनावर छापलेच पाहिजे. वेष्टन वाचण्याचे काम मुलाचे नसते. ते आधी लिहिणाऱ्याचे, मग विकणाऱ्याचे, मग पाजणाऱ्याचे असते. ई-मेलच्या पडद्यावर मात्र आपण हा क्रम उलटा केला आहे: वय विचारावयाचे ते मुलालाच.

यासाठी फार मोठी यंत्रणा लागत नाही. पालकाच्या खात्याशी जोडलेले, खऱ्या जन्मतारखेचे मुलाचे खाते उघडण्याची सोय गूगलने फॅमिली लिंक या नावाने भारतातही ठेवली आहे. १३ वर्षांखालील मुलाला त्यात ई-मेल मिळतो, कोणते ॲप घ्यावयाचे ते पालक ठरवितात, आणि वय वाढेल तशी मोकळीक वाढविता येते; म्हणजे हे यंगच्या सूत्राच्या बरेच जवळ जाणारे आहे. मुलाला स्वतःचा फोन नसेल तरी चालते. वडिलांच्याच फोनवर मुलासाठी वेगळी व्यवस्था करता येते का ते पाहावे. निदान खाते परत मिळविण्याचा क्रमांक दुकानदाराचा नसून आईचा असावा, एवढे तरी आजच करता येईल. आणखी एक मागणी आपण सीमेवरील मराठी लोकांनी आग्रहाने केली पाहिजे. नव्या कायद्याने संमतीची विनंती इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत पाहण्याचा पर्याय दिलेला आहे. मराठी त्या अनुसूचीत आहे. ज्या आईची संमती हवी, तिला ती विनंती सरकारी हिंदीत वा इंग्रजीत वाचावी लागू नये.

डॉक्टरांनी यात का पडावे, बाह्यरुग्ण विभागात श्वास घेण्यास फुरसत नाही, हा आक्षेप रास्त आहे. पण राष्ट्रीय लसीकरण वेळापत्रकाने दोन भेटी आपल्याला आयत्या दिल्या आहेत: दहाव्या आणि सोळाव्या वर्षीची टीडीची लस. दहाव्या वर्षी मूल दंड पुढे करून बसलेले असते आणि आई शेजारी असते. मुलाच्या नावाने ई-मेल आहे काय, त्यावर जन्मवर्ष कोणते आहे, आणि पासवर्ड घरात कोणाला ठाऊक आहे, हे तीन प्रश्न विचारण्यास सिरिंज भरण्याइतकाच वेळ लागतो. सोळाव्या वर्षी मात्र तिसरा प्रश्न आईसमोर विचारू नये. त्या वयात मुलाला स्वतःची थोडी जागा हवी असते, आणि पालकाची देखरेख व पालकाची पाळत यांतील भेद आपण नाही सांगितला तर कोण सांगणार? आपल्या मंडळाच्या शालेय आरोग्य तपासणीच्या पत्रकावर दृष्टी, दात, हिमोग्लोबिन यांच्या खाली यासाठी एक ओळ वाढवावी, अशी आमची सूचना आहे. त्या ओळीत मुलाचा ई-मेल पत्ता लिहून घेऊ नये. तो आपल्याला नको आहे, आणि आपल्याला मिळालेली सवलत तेवढ्यासाठी नाही.

हे सर्व करावयाचे ते कशासाठी, याचे खरे उत्तर दवाखान्याच्या दारामागे आहे. झोप न लागणारी, जेवण सोडलेली, पोटदुखीची तक्रार घेऊन तीन-तीनदा येणारी किशोरवयीन मुले आपण पाहतो. त्यांतील काहींच्या मागे फोनवरून चाललेली धमकी असते, छायाचित्रांची मागणी असते. अशा मुलाला घरी सांगावयाचे असते, पण सांगण्याच्या आरंभीच त्याला कबूल करावे लागते की हे खाते वय लपवून उघडलेले आहे. ज्या खोट्याला घरानेच हातभार लावला, त्याच्या ओझ्याखाली ते मूल गप्प बसते. त्याला आणि त्याच्या आईवडिलांना एवढे स्पष्ट सांगावे: खात्यावर ४० वर्षे लिहिली म्हणून २०१२ च्या पॉक्सो कायद्याचे संरक्षण जात नाही, त्या कायद्याला मुलाचे खरे वय हवे असते आणि ते १८ च्या आत असले म्हणजे पुरे. असा प्रकार कळल्यावर पोलिसांस कळविण्याचे बंधन डॉक्टरांवरही आहे. बालकांसाठी १०९८ आणि आर्थिक सायबर फसवणुकीसाठी १९३० हे क्रमांक दवाखान्याच्या भिंतीवर, मुलाच्या नजरेच्या उंचीवर लावावेत. आणि घरी जाऊन खात्यावरील तारीख दुरुस्त करावयाची असल्यास एक काळजी घ्यावी: मूल १३ वर्षांखालचे असेल तर खरी तारीख घालताच खाते बंद होण्याच्या मार्गास लागते आणि पालकाच्या देखरेखीखाली आणण्यासाठी थोडीच मुदत मिळते, तेव्हा शाळेची कागदपत्रे आणि छायाचित्रे आधी उतरवून घ्यावीत, मग तारखेला हात लावावा.